धर्माची गाय आणि तिचे दात

या महिन्यात संगणकाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच दुखण्याची निघाली. पहिले पत्र मोठे असून त्याचे उत्तरही मोठे झाले आहे; उरलेल्या दोघांच्या वाट्याला त्यामुळे जागा कमी आली, याचा त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : नागपुरात महाल भागात आमचे जुने, शासनमान्य ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. तीन वर्षांपूर्वी एका सभासदाच्या अभियांत्रिकीत शिकणाऱ्या मुलाने ‘कोहा’ हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर एक पैसाही न घेता बसवून दिले आणि दिवाळीच्या सुट्टीत बसून हजारो पुस्तकांच्या नोंदीही चढवून दिल्या. तेव्हा सर्वांनी कौतुक केले. आता मात्र वीज जाऊन आली की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी देवघेव बंद असते. त्या मुलाला आम्ही वारंवार फोन केले. हल्ली तो उचलत नाही. कोहाच्या लोकांना ईमेल पाठवला, तर दोन ओळींचे रुक्ष उत्तर आले. कार्यकारी मंडळातील बहुतेकांचे म्हणणे असे, की फुकटच्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणेच चूक आहे आणि अनुदानाचा पुढचा हप्ता आला की विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे. दोन्ही ईमेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपले मत कळवावे.
– एक कार्यवाह

उत्तर : ईमेलच्या प्रती आपण जोडल्यात हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. आपण लिहिले आहे : ‘आपले सॉफ्टवेअर वारंवार बंद पडते. वाचकांची फार गैरसोय होत आहे. तरी त्वरित दुरुस्ती करून कळवावे.’ त्यावर परदेशातील कोणा स्वयंसेवकाने विचारले आहे, की कोहाची आवृत्ती कोणती, ती कोणत्या लिनक्सवर (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर) बसवली आहे आणि बिघाडाच्या वेळी लॉगमध्ये, म्हणजे संगणक स्वतःच्या कामाची जी टिपणे ठेवतो त्यांत, शेवटच्या ओळी काय दिसतात. त्या उत्तरात ‘महोदय’ नाही आणि ‘आपला विश्वासू’ही नाही, म्हणून आपल्याला ते रुक्ष वाटले असावे. मला मात्र त्यात असे दिसते, की ज्याने नागपूर बहुधा नकाशातही पाहिले नसेल अशा एका माणसाने, स्वतःचा वेळ काढून, आपल्या वाचनालयाची अडचण समजून घ्यायला सुरुवात केली होती. त्याच्या तीन प्रश्नांना आपण उत्तर दिलेले दिसत नाही.

‘त्वरित दुरुस्ती करून कळवावे’ हे वाक्य नळपट्टीची पावती हातात असलेल्या नागरिकाने महानगरपालिकेला लिहावे असे आहे. तिथे ते शोभतेही. इथे आपल्याजवळ पावती नाही, आणि पलीकडे कोणते खातेही नाही. आपण ग्राहक नाही. पण मग आपण कोण आहोत, याचा विचार मंडळाने केला नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कोहा कुठून आले ते मंडळाच्या बैठकीत एकदा वाचून दाखवावे, असे मला वाटते. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट नावाची एक ग्रंथालय संस्था होती. १९९९ साली, संगणकातील तारखांचा २००० सालचा तो प्रसिद्ध गोंधळ तोंडावर आलेला असताना, तिचे जुने सॉफ्टवेअर पुढे चालेल याची शाश्वती राहिली नव्हती. तेव्हा ट्रस्टने तिथल्याच एका छोट्या कंपनीला पैसे देऊन नवे सॉफ्टवेअर लिहून घेतले, आणि २००० सालच्या जानेवारीत ते कामाला लागले. त्यानंतर त्यांनी जे केले ते महत्त्वाचे आहे. पैसे मोजून करून घेतलेली ही वस्तू त्यांनी जपून ठेवली नाही, विकायलाही काढली नाही. जीपीएल या परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावी, बदलावी आणि वाटावी अशा मोकळिकीने, ती जगाला देऊन टाकली. म्हणजे आपल्याला जे फुकट मिळाले, त्याचे पैसे आपल्यासारख्याच एका लहान ग्रंथालय संस्थेने आधी मोजलेले होते. ‘कोहा’ हा शब्द माओरी भाषेतला आहे. त्याचा अर्थ भेट, पण नुसती भेट नव्हे. घेणाऱ्यानेही कधीतरी, आपल्या ऐपतीप्रमाणे, काही परत करावे अशी अपेक्षा त्या शब्दात गृहीत असते. आपल्याकडे लग्नात आलेला आहेर वहीत टिपून ठेवण्याची पद्धत आहे, ती ज्या समजुतीतून आली तीच ही समजूत.

मराठीत याच्या नेमकी उलट एक म्हण आहे : धर्माची गाय आणि दात का गं नाय. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजणाऱ्या माणसाला आपले पूर्वज चांगले ओळखून होते. विकतची गाय घेताना आपण दातही पाहतो, दुधाचीही चौकशी करतो, आणि घरी आणल्यावर तिच्यासाठी गोठा नीट करतो, कारण पैसे गेलेले असतात. दानाची गाय मात्र बाहेर उन्हात बांधायची, चारा कोणी टाकायचा हे ठरवायचे नाही आणि दूध कमी झाले की देणाऱ्याच्या दारात जाऊन ओरडायचे, असा व्यवहार होतो.

आता या गोठ्याकडे येतो. वीज जाऊन आली की देवघेव बंद असते, असे आपण लिहिता. ही खूण ओळखीची आहे. ज्या संगणकावर कोहा बसवले आहे त्याच्या युपीएसची बॅटरी बहुधा नागपूरच्या उन्हाळ्याने संपवलेली आहे. चाळिशीपार तापमानात, पंखाही नसलेल्या कोपऱ्यात ठेवलेल्या बॅटऱ्या फार काळ टिकत नाहीत. बॅटरी गेलेली असली की वीज जाताच संगणक क्षणात बंद पडतो, डेटाबेस काहीतरी लिहीत असताना मध्येच तोडला जातो, आणि त्याच्या फायली बिघडू शकतात. त्या स्थितीत पन्नास हजारांचे विकतचे सॉफ्टवेअरसुद्धा असेच वागेल. फरक इतकाच, की तेव्हा विक्रेत्याचा माणूस येऊन आधी बॅटरी बदलायला सांगेल आणि आपण निमूटपणे ती बदलाल.

हा फरक का पडतो, याचे उत्तर ‘लोक कृतघ्न असतात’ एवढे सोपे नाही. वस्तूची पारख नसेल तेव्हा माणूस किमतीवरून तिची योग्यता ठरवतो. साडी घेताना आपण तेच करतो आणि डॉक्टर निवडतानाही. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, त्यामुळे तिथे किमतीशिवाय दुसरे मापच उरत नाही. आपल्याच शहरात मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, की महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत शंभर रुपयांच्या सीडीवर आणणारा माणूस ती अभिमानाने दाखवतो आणि मुक्त सॉफ्टवेअरकडे नाक मुरडतो. दोन्हींसाठी त्याने मूळ कर्त्याला दिलेले मोल शून्यच असते. पण चोरीच्या मालावर कुठेतरी छापील किंमत असते आणि तिचा मान त्याला मिळतो. ज्यावर किंमतच छापलेली नाही त्याला मान कशाचा मिळणार?

यात आम्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचारकांचाही दोष आहे, आणि तो मी आधी माझ्या पदरात घेतो. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मुक्त आणि मोफत असे दोन्ही अर्थ येत असल्यामुळे या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना जन्मभर खुलासा करावा लागला, की आपण भाषणस्वातंत्र्यातल्या ‘फ्री’विषयी बोलत आहोत, फुकट मिळणाऱ्या बिअरविषयी नव्हे. त्यांनी १९८३ साली जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि सुरुवातीच्या काळात त्यातल्याच ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या साधनाच्या टेपा दीडशे डॉलरला विकून ते स्वतःचा खर्च भागवत असत. मुक्त सॉफ्टवेअर विकण्याला तेव्हाही बंदी नव्हती, आजही नाही. मुक्तपणा म्हणजे ते कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याची घडण पाहून बदलण्याची, इतरांना वाटण्याची आणि बदललेले वाटण्याची मोकळीक. मराठीत तर मुक्त आणि मोफत हे दोन वेगळे शब्द नशिबाने हाताशी होते. तरी आम्ही काय केले? २००५ च्या सुमारास उबुंटू या लिनक्सच्या सीडी मागणी करताच टपालाने जगभर विनामूल्य येत. त्या आम्ही कॉलेजच्या दारात उभे राहून ‘घ्या, अगदी फुकट आहे’ असे म्हणत वाटल्या. त्यांतल्या काही पुढे संत्र्याच्या बागेत पाखरे हुसकावण्यासाठी टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. फुकट या शब्दाने ज्यांना बोलावले ते फुकट या शब्दासाठीच आले, त्यात त्यांचे तरी काय चुकले?

आणि हा दोष गरीब वाचनालयांचा किंवा घरगुती वापरणाऱ्यांचाच आहे असे समजू नका. बँकांपासून बाजारपेठांपर्यंत जगातील असंख्य संकेतस्थळे आपले गुप्त व्यवहार ज्याच्या भरवशावर करतात, त्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचे गंभीर भगदाड सापडले. तेव्हा उघड झाले, की ते सांभाळणाऱ्यांत पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या तोपर्यंत गाईचे दूध काढत होत्या आणि गोठा कोणाचा आहे हे त्यांनी विचारलेही नव्हते. भगदाड पडल्यावर मात्र त्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला.

विकतचे सॉफ्टवेअर घेऊ नका, असे मी म्हणत नाही. आपल्या ग्रंथपालांना ते सोपे वाटत असेल, विक्रेता जवळचा आणि भरवशाचा असेल, तर अवश्य घ्यावे. फक्त ‘फुकटचे ते असेच’ हे त्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना बारीक अक्षरांत वाचून पाहावा. नुकसान झाल्यास जबाबदारी शक्य तितकी झटकणारी कलमे त्यातही सापडतात. पैसे दिल्यावर ती आपण वाचत नाही, एवढेच. विक्रेत्याला सही करण्याआधी आणखी एक विचारावे, की पाच वर्षांनी आम्ही तुम्हाला सोडले तर आमच्या सर्व नोंदी ‘मार्क’ (MARC) या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपात परत मिळतील का. कोहातून त्या केव्हाही काढता येतात, कोणाची परवानगी लागत नाही.

मला विचाराल तर, अनुदानातून सॉफ्टवेअरसाठी बाजूला काढणार होतात त्यातला एक भाग वेगळ्या रीतीने खर्च करावा. पहिल्यांदा बॅटरी. मग रोजच्या बॅकअपची एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर ठेवण्याची सोय. आणि ती प्रत परत चढवून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असे मानू नये. उरलेल्या पैशांतून कोहाची देखभाल करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाशी वर्षाचा करार करावा. भारतात पैसे घेऊन ही सेवा देणारे लोक आहेत, आणि त्यांनी पैसे घेण्यात काहीही गैर नाही. कोहाची नवी आवृत्ती दर वर्षी मे आणि नोव्हेंबर अशी दोनदा येते. आपली तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती कोणीच बदललेली नसेल, तर त्या तीन वर्षांत जगभरच्या लोकांनी केलेल्या दुरुस्त्या आपल्या दारापर्यंत येऊन परत गेल्या, असा त्याचा अर्थ होतो.

या दुरुस्त्या कशा होतात तेही मंडळाला कळावे. कोणीतरी आपल्या ग्रंथालयात आलेली अडचण, ती पुन्हा कशी घडवता येते यासह, नोंदवतो. दुसरा कोणी दुरुस्ती लिहितो. ती लगेच स्वीकारली जात नाही. तिसऱ्याने ती स्वतःच्या संगणकावर चालवून पाहून आपल्या नावाने मान्य करावी लागते आणि त्यानंतर गुणवत्ता तपासणाऱ्यांची चाळणी असते. यातल्या तिसऱ्या माणसाला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. देवघेवीचा टेबल वीस वर्षे सांभाळलेल्या ग्रंथपाल बाई तिथे कोणाही अभियंत्याइतक्या उपयोगी ठरतील. पडद्यावरच्या शब्दांचे मराठी नीट करण्याचे कामही असेच खुले आहे, आणि ‘दाखल नोंदवही’ला दाखल नोंदवहीच म्हणायचे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्या परदेशी स्वयंसेवकाच्या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र आधी पाठवावीत. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

राहिला तो मुलगा. त्याने फोन उचलणे का सोडले हे पुढच्या पत्राच्या उत्तरावरून कदाचित लक्षात येईल. आपण स्वतः त्याच्या घरी जावे, कामाची यादी बरोबर नेऊ नये, आणि वार्षिक सभेच्या अहवालात त्याचे नाव आजवर छापलेले नसेल तर यंदा छापावे.

प्रश्न : मी नागपुरात नोकरी करतो आणि गेली चार वर्षे लिनक्स वापरणाऱ्यांना संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी फोनवर मदत करतो. एक छोटे मराठी टंकलेखनाचे साधनही मी बनवून मोफत दिले आहे. अलीकडे लोक धन्यवाद म्हणत नाहीत, उलट ‘जमत नसेल तर बनवले कशाला’ असे सुनावतात. थांबावेसे वाटते, पण मग वापरणाऱ्यांचे काय, असा अपराधी भाव येतो. काय करावे?
– एक स्वयंसेवक

उत्तर : थांबावेसे वाटत असेल तर थांबा. हे पहिल्याच वाक्यात लिहितो, कारण बाकीचे सगळे तुम्हाला नेमके उलटे सांगतील. माझाही अनुभव तुमच्याहून वेगळा नाही. एका वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, नातवाचा लाकडी बैल सजवत असताना, एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचा प्रिंटर चालत नव्हता आणि लिनक्स घ्यायला मीच सांगितले होते, म्हणून दोष माझा होता. अर्ध्या तासाने लक्षात आले, की प्रिंटरची वायरच निघालेली आहे. त्यांनी फोन ठेवताना ‘विंडोजमध्ये असे होत नव्हते’ असे ऐकवले. त्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत कोणी माझा बडग्या, म्हणजे निषेधाचा पुतळा, काढला नाही, हेच नशीब.

पण हसण्यावारी नेण्यासारखे हे राहिलेले नाही. एक्सझेड नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते सांभाळणारा माणूस वर्षानुवर्षे एकटा होता, पगार नव्हता, आणि २०२२ साली त्याने सर्वांसमोर लिहिले होते, की आपली मानसिक प्रकृती बरी नसते आणि हे बिनपैशाचे, हौसेचे काम आहे. त्याच सुमारास काही अनोळखी नावे त्याच्यामागे लागली होती : काम फार मंद चालले आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. दरम्यान एक मदतनीस गोड बोलत, खरोखर चांगले काम करत जवळ आला आणि हळूहळू त्याच्या हाती अधिकार गेले. त्याने त्यात एक छुपी वाट घातली, जिच्यामुळे परक्याला दुसऱ्याच्या संगणकात शिरता आले असते. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो एवढ्याशा शंकेवरून, ते सापडले, आणि बहुतेक ठिकाणच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोचण्याआधीच थांबवता आले.

त्या तक्रारखोर नावांमागे ही छुपी वाट घालणाऱ्यांचीच टोळी असावी, असा अनेक जाणकारांचा संशय आहे. मला मात्र यातली दुसरीच गोष्ट अधिक बोचते. ती नावे खोटी असतील, पण त्यांची भाषा कोणालाच खोटी वाटली नाही, कारण फुकट काम करणाऱ्याशी असेच बोलायचे असते हे सर्वांच्या अंगवळणी पडले होते. चोराने पोलिसाचा वेश घ्यावा तसा त्यांनी त्रासलेल्या वापरकर्त्याचा वेश घेतला, आणि तो हुबेहूब वठला.

म्हणून अपराधी भाव बाजूला ठेवून काही गोष्टी तुमच्या साधनाच्या पहिल्याच पानावर लिहून टाका : हे मी फावल्या वेळात करतो, फोनवर मदत करत नाही, लेखी विचारलेल्या प्रश्नाला जमेल तेव्हा उत्तर देईन, आणि कोणाला घाई असेल तर कामाचा दर इतका आहे. दर लिहायला लाजू नका. काहीजण निघून जातील. मदतीला पुढे येणारा कोणी भेटला तर आनंदच आहे. मात्र त्याला किल्ल्या देण्याआधी त्याच्याबरोबर भरपूर काम करा, एवढे एक्सझेडवरून शिकायला हरकत नाही. आणि अगदीच नको झाले, तर ‘आता मी हे सांभाळत नाही’ अशी तारखेसह सूचना लावून कुलूप न लावता निघा. तुमचा परवाना मुक्त आहे. ज्याला खरी गरज असेल तो प्रत घेऊन पुढे चालवील. पत्रे, तक्ते वगैरे कार्यालयीन कामासाठीच्या ओपनऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींनी २०१० साली तसेच केले आणि त्यातून लिबरऑफिस उभे राहिले.

प्रश्न : सीताबर्डीवर माझे डीटीपीचे दुकान आहे. लिबरऑफिसमध्ये माझ्या जुन्या मराठी फायली उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसतात. फुकटात मिळते म्हणून असे असते का?
– एक डीटीपी चालक

उत्तर : नाही. आपल्या जुन्या फायली युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची जगभर एकच असलेली पद्धत) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या विकतच्या फाँटमध्ये आहेत. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठवली जात आणि फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवत असे. तो फाँट ज्या संगणकावर नाही तिथे मुखवटा गळून पडतो, मग सॉफ्टवेअर विकतचे असो वा मोफत. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

युनिकोडसाठी फाँट हवा असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ वापरून पाहावा. तो मुक्त परवान्याखाली आहे. छापील कामासाठी, पैसे घेऊन केलेल्या कामासाठीसुद्धा, चालतो आणि त्याची मराठी वळणे चांगली आहेत. दिवाळी अंकाची पाने त्यात लावलीत, तर श्रेयनामावलीत चित्रकाराच्या खाली फाँटचे आणि तो करणाऱ्यांचे नावही द्या. परवाना तशी अट घालत नाही.